अंगणातले आकाश

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आकाशदर्शनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा एकच विचारला जातो : दुर्बीण केवढ्याला मिळते? दुर्बीण घेण्याची ऐपत नाही, तेव्हा हा छंद आपल्यासाठी नव्हे, असे मानून पुष्कळ जण तेथेच थांबतात. आज मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते हे की, आकाशाच्या अभ्यासाला आधी दोनच गोष्टी लागतात. एक नोंदवही आणि दुसरी अंधार. वही शाळेच्या हाती आहे, अंधार ग्रामपंचायतीच्या हाती आहे. दुर्बिणीचा क्रम त्यानंतर लागतो.

पंचांगातले आकाश आणि डोळ्यांपुढचे आकाश

आकाश आपल्या लोकांना परके नाही. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ही महिन्यांची नावे चित्रा, विशाखा, ज्येष्ठा या नक्षत्रांवरून आली. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्याचे नाव त्या महिन्यास मिळाले. आपला शेतकरी 'मृग लागला' असे म्हणतो आणि पेरणीच्या तयारीस लागतो. परंतु जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो तेव्हा ते नक्षत्र आकाशात शोधू गेल्यास दिसत नाही. कारण उघड आहे. मृग लागणे म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येणे, आणि सूर्याच्या प्रकाशात तारे लोपतात. तेच मृग मार्गशीर्षात सायंकाळी पूर्वेस उगवते आणि रात्रभर दिसते. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण, मागे तेजस्वी व्याध, पुढे तांबूस रोहिणी आणि त्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. ही ओळख एकदा झाली की हिवाळ्यातील निम्मे आकाश आपलेसे होते.

पंचांग घरोघरी आहे, पण त्यातील शब्द आकाशात कोठे आहेत हे पाहण्याची सवय मात्र सुटली. ती पुन्हा लावण्याचे काम मराठीत पूर्वी एका शिक्षकानेच केले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळाखात्यातील शिक्षक होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. सर्वसामान्य वाचकाला तारे ओळखता यावेत म्हणून 'ज्योतिर्विलास' हे पुस्तकही त्यांनी लिहिले.

हात हेच मोजमाप

आरंभ कसा करावा? निरभ्र रात्री, शक्यतो अमावास्येच्या मागेपुढे, घराच्या गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या माळावर जावे. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात मोबाईलच्या पडद्याकडे एकदा जरी पाहिले तरी सारे मुसळ केरात. वही पाहण्यासाठी विजेरी लागलीच, तर तिच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधावा. लाल मंद प्रकाशाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात, पण ऑक्टोबरपासून मेपर्यंत आकाश पुष्कळ वेळा मोकळे असते.

अंतरे मोजण्यास हात पुरे. हात सरळ लांब केला असता वळलेली मूठ सुमारे १० अंश भरते आणि करंगळीची रुंदी सुमारे १ अंश. उत्तर दिशेस क्षितिजापासून मुठी मोजत वर गेले की ध्रुवतारा सापडतो. मुंबईत तो सुमारे १९ अंशांवर, नागपुरात २१ अंशांवर, तर कोल्हापुरात पावणेसतरा अंशांवर दिसतो. म्हणजे कोठेही दोन मुठींच्या आसपास. ध्रुवाची उंची ही त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांशाची व्याख्या जो विद्यार्थी आपल्या मुठीने मोजतो, त्याला ती पाठ करावी लागत नाही.

ग्रहांची ओळख

नुसत्या डोळ्यांना बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह दिसतात. ग्रह बहुधा लुकलुकत नाहीत, त्यांचा प्रकाश स्थिर असतो. पण खरी कसोटी वेगळी आहे. शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात जो आठवड्या-महिन्यांत जागा बदलतो तो ग्रह. म्हणजे ग्रह ओळखावयाचा तर एक रात्र पुरत नाही. येथेच वहीची गरज लागते.

शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून तो सायंकाळी पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीही दिसत नाही. बुध तर २८ अंशांपलीकडे जात नाही. म्हणजे तीन मुठींहूनही कमी. सूर्य मावळल्यावर थोडाच काळ तो संधिप्रकाशात सापडतो. त्यासाठी पश्चिम क्षितिज स्वच्छ हवे आणि चिकाटी हवी. येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. सूर्य पूर्ण मावळण्यापूर्वी बुध शोधण्यासाठी द्विनेत्री किंवा दुर्बीण डोळ्याला लावू नये. तिच्यातून क्षणभर जरी सूर्य दिसला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगावे.

शुक्राची एक गंमत शाळांसाठी फार उपयोगी आहे. सूर्य, पृथ्वी आणि शुक्र यांची सापेक्ष स्थिती सुमारे ५८४ दिवसांनी पुन्हा तशीच येते. अशा पाच फेऱ्या झाल्या की जवळजवळ बरोबर आठ वर्षे होतात. त्यामुळे शुक्र आज ज्या तारखांना जेथे दिसला, तेथेच आठ वर्षांनी दोनएक दिवसांच्या फरकाने पुन्हा दिसतो. दुसरीतील विद्यार्थ्याने केलेली नोंद तो दहावीत असताना स्वतः पडताळून पाहू शकेल.

गुरू सूर्याभोवती सुमारे बारा वर्षांत एक फेरी करतो, म्हणजे साधारणपणे वर्षाला एक रास. नाशिकचा सिंहस्थ हे त्याचेच लोकपरिचित माप होय. गुरू सिंह राशीत येतो तेव्हा सिंहस्थ, आणि पुढे कन्येत जातो तेव्हा कृष्णाकाठी कन्यागत. २००३ आणि २०१५ साली नाशिकला सिंहस्थ झाला, पुढील २०२७ चा. त्या वर्षी योग्य ऋतूत मघा नक्षत्राजवळ पाहिले, तर मेळा ज्याच्या नावाने भरतो तो गुरू तेथे प्रत्यक्ष दिसेल.

शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. एका राशीत त्याला सुमारे अडीच वर्षे लागतात. तीन राशींना साडेसात. ज्या साडेसातीच्या नावाने पुष्कळांची झोप उडते, तिच्या मुळाशी शनीच्या संथ चालीचा हा साधा हिशेब आहे. मंगळ तांबूस दिसतो. सुमारे २६ महिन्यांनी तो पृथ्वीच्या जवळ येतो. जवळ असता अंतर साडेपाच कोटी किलोमीटरांपर्यंत उतरते, दूर जातो तेव्हा ते ४० कोटींच्या घरात जाते. त्यामुळे कधी तो डोळ्यांत भरतो, तर कधी सामान्य ताऱ्यांच्या गर्दीत हरवतो.

साधन घ्यावयाचेच झाले तर आधी ७×५० किंवा १०×५० मापाची द्विनेत्री घ्यावी. भिंतीचा किंवा काठीचा आधार देऊन ती स्थिर धरली, तर गुरूचे चार मोठे चंद्र टिपता येतात. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत दुर्बिणीतून पाहिले ते हेच चंद्र. त्यांतील सर्वांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरतो. म्हणून रोज त्यांचे चित्र काढले तर रोज मांडणी निराळी दिसते. शनीची कडी पाहण्यास मात्र पंचवीस-तीस पटींची दुर्बीण लागते. मार्च २०२५ मध्ये ही कडी पृथ्वीवरून धारेच्या बाजूने दिसत होती. त्यानंतर ती उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल.

शेंडेनक्षत्र

आता धूमकेतूकडे वळू. आपल्याकडे त्यास शेंडेनक्षत्र म्हणतात. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त केतूंवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात त्यांच्या दर्शनावरून शुभाशुभ फळे सांगितली आहेत. आज आपणांस ठाऊक आहे की धूमकेतू म्हणजे बर्फ, धूळ आणि खडक यांचा बहुधा काही किलोमीटर आकाराचा गोळा. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ उधळते आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेस पिसारा फुटतो. १९८६ च्या मार्च महिन्यात 'जोत्तो' या युरोपीय यानाने हॅलेच्या धूमकेतूजवळून जाऊन त्याच्या गाभ्याची छायाचित्रे घेतली. तो गाभा सुमारे १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद होता.

एक गैरसमज दूर करावयास हवा. धूमकेतू आकाशातून सर्रकन जात नाही. जी क्षणात रेघ ओढून विझते ती उल्का. धूमकेतू त्या रात्रीपुरता स्थिर, अंधुक ठिपक्यासारखा दिसतो. एकदोन तासांनी किंवा दुसऱ्या रात्री पाहिले की ताऱ्यांमधील त्याची जागा बदललेली आढळते. आकाशात तेजोमेघ आणि तारकागुच्छ असे अंधुक ठिपके पुष्कळ आहेत. ते धूमकेतूशोधकांची फसगत करीत. म्हणून अठराव्या शतकात शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने त्यांची यादीच केली. आज ती यादी शंभराहून अधिक सुंदर गोष्टींची सूची म्हणून प्रसिद्ध आहे. धूमकेतू सूर्याजवळ असता तेजस्वी होत असल्याने बहुधा सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेस शोधावा.

हे शोध लावले कोणी? हॅलेने १६८२ साली दिसलेल्या धूमकेतूचे गणित करून तो १७५८ च्या सुमारास परत येईल असे सांगितले होते. तो तेव्हा पहिल्याने दिसला तो २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री, जर्मनीतील ड्रेस्डेन शहराजवळच्या योहान पालित्श या शेतकऱ्याला. हा शेतकरी स्वतःच शिकलेला होता. मोठमोठे ज्योतिषी तोच धूमकेतू शोधत असताना तो सापडला शेतकऱ्याला. जपानमधील काओरू इकेया हा तरुण पियानोच्या कारखान्यात कामगार होता. १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, घरी बनविलेल्या दुर्बिणीतून त्याने पहिला धूमकेतू शोधला. पुढे १९६५ चा अतितेजस्वी धूमकेतू त्याच्या आणि सेकी या दुसऱ्या हौशी निरीक्षकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९५ च्या जुलैत अमेरिकेत थॉमस बॉप याने एक अंधुक ठिपका पाहिला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची दुर्बीण नव्हती, ती मित्राची होती. हेल आणि बॉप यांनी स्वतंत्रपणे शोधलेला तो धूमकेतू १९९७ च्या वसंतात आपल्याकडील खेड्यापाड्यांतूनही नुसत्या डोळ्यांनी लोकांनी पाहिला. आपल्या वेणू बाप्पू यांचेही नाव १९४९ च्या एका धूमकेतूला आहे. ते तेव्हा हार्वर्ड येथे विद्यार्थी होते.

आता आकाशाची स्वयंचलित टेहळणी करणाऱ्या मोठ्या दुर्बिणी बहुतेक धूमकेतू आधीच टिपतात, ही गोष्ट खरी. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्रिमियातील गेन्नादी बोरिसोव्ह याने स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतून जो धूमकेतू शोधला, तो सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ज्ञात धूमकेतू ठरला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांना धूमकेतू सापडला तो कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांत. हौशी माणसाची जागा अजून संपलेली नाही.

मात्र धूमकेतूबाबत गावात दवंडी पिटण्याची घाई करू नये. १९७३ साली कोहोटेक धूमकेतूविषयी जगभर मोठा गाजावाजा झाला आणि प्रत्यक्षात तो अपेक्षेच्या मानाने फिका निघाला. उलट १९९६ च्या जानेवारीअखेर सापडलेला ह्याकुताके अवघ्या दोन महिन्यांत पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरांवर आला आणि त्याने सर्वांना थक्क केले. धूमकेतू किती तेजस्वी होईल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. आपण पाहावे, नोंदवावे आणि शंका असल्यास जाणकारांना विचारावे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांचे संघटन करीत आहे, आणि मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ पासून लोकांस आकाशाची ओळख करून देत आहे.

खजिन्यातील कारकुनाची वही

शासनसेवेतील मित्रांना मी मुद्दाम एका सहकाऱ्याची हकीगत सांगतो. राधागोविंद चंद्र हे पूर्व बंगालमधील जेसोरचे. जन्म १८७८ चा. शालान्त प्रवेशपरीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही, आणि पुढे त्यांनी सरकारी खजिन्यात कनिष्ठ नोकरी धरली. दिवसा खजिन्यातील काम, रात्री आकाश. १९१० साली त्यांनी द्विनेत्रीतून हॅलेचा धूमकेतू पाहिला, पाहून टिपणे ठेवली आणि त्यावर बंगालीत पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी तीन इंची दुर्बीण मिळविली. १९१८ साली गरुड तारकासमूहात एक नवतारा अकस्मात झळकला, तो त्यांनी स्वतंत्रपणे हेरला. त्यानंतर ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांचा त्यांनी ध्यास घेतला. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून तेज किती ते ठरवावयाचे, तारीख आणि वेळ लिहावयाची आणि ती नोंद अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेस पाठवावयाची, हा त्यांचा क्रम. त्या संघटनेने १९२६ साली त्यांच्या कामाची कदर म्हणून सहा इंचांहून मोठी दुर्बीण समुद्रापार पाठवून दिली. फाळणीनंतर त्यांना घर सोडून पश्चिम बंगालमध्ये यावे लागले, तरी वही सुटली नाही. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदी सदतीस हजारांवर गेल्या.

यातील प्रत्येक नोंद दोन-तीन ओळींची आहे. एकेक नोंद पाहिली तर तिच्यात काही विशेष नाही. पण ताऱ्याचे तेज कसे बदलते हे कळावयास त्या नोंदींची माळ लागते, आणि ती माळ एका कारकुनाने पस्तीस-चाळीस वर्षे ओवली. हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्याला आकाशाची वही ठेवता येते, याहून वेगळी पात्रता लागत नाही.

वही कशी ठेवावी? तारीख, वेळ, गाव, आकाशाची स्थिती, चंद्र होता की नाही, पाहिलेली वस्तू कोणत्या दिशेस व किती मुठी उंचीवर होती, आणि तिचे तेज कोणत्या दोन ताऱ्यांच्या दरम्यान होते. एवढे रकाने पुरेत. दिसले नाही तर 'दिसले नाही' असेही लिहावे, कारण तीही माहिती आहे. शाळेत अशी एकच वही ठेवून दर महिन्यास दोन विद्यार्थ्यांकडे ती सोपवावी. एखादा तारा विजेच्या खांबाआड कधी जातो ते पाहिले, की तो रोज सुमारे चार मिनिटे आधी जातो हे मुलांना आठवड्यात कळते. चंद्र मात्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. ही दोन सत्ये मुलांनी स्वतः शोधून काढली, तर शाळेच्या विज्ञान कपाटात काही नसले तरी विज्ञान शिकविले गेले असे मी म्हणेन.

अंधार ही गावाची मालमत्ता

शेवटचा मुद्दा ग्रामपंचायतींसाठी आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा आहे. खऱ्या अंधाऱ्या जागेवरून एका वेळी अडीच ते तीन हजार तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. मोठ्या शहरात ते काही डझनांवर येतात. शहरांनी आकाशगंगा केव्हाच गमावली. खेड्यांत ती अद्याप आहे, पण चौकाचौकांतील पांढऱ्या भगभगीत दिव्यांमुळे तेथूनही ती हळूहळू पुसली जात आहे.

मी दिव्यांच्या विरोधात बोलत नाही. पावसाळ्यात साप-विंचू निघतात, मुली शिकवणीहून उशिरा घरी येतात, वृद्धांना रस्ता दिसावा लागतो. दिवा हवाच. पण जो दिवा रस्त्याऐवजी आभाळ उजळतो, तो विजेचे बिल वाढवितो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो. त्याने रस्ता जास्त दिसत नाही, उलट त्याच्या कडेचा काळोख अधिक गडद होतो. सह्याद्रीतील काजवेसुद्धा अशा उजेडात आपले जोडीदार शोधू शकत नाहीत.

यावर उपाय सोपे आहेत. दिव्याला वरून झाकण असावे आणि प्रकाश फक्त खाली पडावा. निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घ्यावा. जेथे गरज आहे तेथेच तो लावावा. उंच खांबावरील मोठे दिवे मध्यरात्रीनंतर मंद करावेत. हे आपल्या राज्यात झालेही आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली प्रकाश टाकणारे बसविण्यात आले. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्ते उजळ राहिले आणि वर तारेही राहिले. जे पेंचच्या कडेच्या चार गावांना साधले, ते इतर गावांना साधू नये असे काही नाही. पथदिव्यांची पुढील खरेदी करताना ठरावात 'वरून झाकलेले, पिवळसर' एवढे दोन शब्द घातले तरी पुरे.

मित्रहो, हॅलेचा धूमकेतू १९८६ साली येऊन गेला. तो २०६१ च्या जुलैत पुन्हा सूर्याजवळ येईल. आज पहिलीत बसलेली मुले तेव्हा चाळिशी ओलांडलेली असतील. त्यांच्यापैकी काही शिक्षक होतील, काही खजिन्यात बसतील, काही सरपंच होतील. धूमकेतू वेळेवर येईल, त्याची चिंता आपणांस नको. तो दिसावा इतका अंधार गावात शिल्लक ठेवणे आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची सवय शाळेत लावणे, एवढे काम मात्र आजच सुरू करावे लागेल. त्यास खर्च फारसा नाही. येत्या अमावास्येस शाळेच्या मैदानावर एक तास दिवे मालवून आरंभ करावा, अशी आपणां सर्वांस माझी विनंती आहे.